पाण्याच्या पाइपातली हवा

कपाटाच्या दारात रुतलेला तो राखाडी तुकडा उपटायला पक्कड लागली. बोटभर लांब, एका टोकाला सुईसारखा निमुळता, आणि पॉलिश करून वाळत ठेवलेल्या देवदाराच्या फळीत अर्धा आत गेलेला. उंची मोजायची गरज नव्हती. एदिल्बेर्तो दारासमोर उभा राहिला तर तुकडा बरोबर त्याच्या गळ्याच्या घाटीसमोर येत होता, आणि मिनिटभरापूर्वी तो तिथेच उभा होता. रुफिनाने हाक मारली म्हणून हलला. रुफिना त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात लॅकर मारायला होती, चाळिशीची, फटकळ. तिच्या मते स्प्रे गनमधून पुन्हा पाणी थुंकायला लागलं होतं आणि उस्तादांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, नाहीतर मागाहून दोष तिच्यावर यायचा. तो वैतागून चार पावलं तिच्याकडे गेला आणि मागे काहीतरी फुटलं. काचेचं भांडं फरशीवर पडावं तसा आवाज, मग टाकीतून सुटलेल्या हवेचा लांबलचक फूत्कार, भुशाचा लोट, शेजारच्या छपरावरच्या कुत्र्यांचं भुंकणं. कुणीतरी धावत जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. भुसा खाली बसला तेव्हा सगळ्यांनी आधी एकमेकांकडे आणि मग छताकडे पाहिलं. कॉम्प्रेसरची हवा नेणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाच्या वळणावरचा एल्बो जागेवर नव्हता. मग सगळे हसले. एदिल्बेर्तोही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आपला हात गळ्यावर गेला आहे आणि तो तिथून निघत नाही.

कटरवरचा कासिमिरो म्हणाला, नवा एल्बो लावू, अर्ध्या तासाचं काम, जेवायच्या आधी पुन्हा चालू. त्याचं खरंच होतं. एल्बो खणात होते, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा होता, शिडी होती. एदिल्बेर्तो शिडीवर चढला, फुटक्या टोकाला हॅक्सॉ लावला आणि थांबला. ब्लेडखालून पांढरी पूड गळत होती, खडूसारखी. बारा वर्षांपूर्वी त्याने स्वतः हा पाइप टांगला तेव्हा करवतीखालून लोकरीसारखे गुंतवळे निघत होते. ते त्याच्या बाह्यांना चिकटलेले त्याला आठवत होते. त्याने वीतभर तुकडा कापून घेतला, खाली उतरला आणि गुडघ्यावर दाबला. पूर्वी हा पाइप वाकायचा, धनुष्यासारखा. आता तो काहीही न बोलता मोडला. मोडलेली कड त्याने अंगठ्याने चाचपली आणि अंगठ्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली. रुफिना त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, आज हवेचं काम नाही, हाताने पॉलिशपेपर मारा. कासिमिरो काहीतरी पुटपुटला. सोमवार होता, दुपारी नेहमीप्रमाणे मसूर-भात आला आणि एदिल्बेर्तोने तो तसाच झाकून ठेवला.

कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा ओविदिओ त्या बाजूच्या सगळ्या कारखान्यांना माहीत होता. म्हातारा, बुटका, प्रत्येक यंत्राशी भांडल्यासारखा बोलणारा. एदिल्बेर्तोने तुकडे कागदात बांधून त्याच्याकडे नेले, शाळकरी मुलाने फुटकी पाटी मास्तरांकडे न्यावी तसे. ओविदिओने ते उजेडात धरले. पाइपावर निळ्या शाईत छापलेला दाब अजून वाचता येत होता, दहा बार. एदिल्बेर्तो त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, आमचा कॉम्प्रेसर आठावर बंद होतो, इथे दहा लिहिलंय, मग कसा फुटला? हे विचारताना त्याला आतून ठाऊक होतं की हा प्रश्न नाही, ही वकिली आहे.

"ते दहा पाण्याचे आहेत," ओविदिओ म्हणाला. "पाणी दाबलं तरी दबत नाही. पाइप तडकला की ओघळतं, तू शिव्या देत फडकं आणतोस, संपलं. हवा आत आवळून बसलेली असते. तिला वाट मिळाली की ती पाइपाचे तुकडे बरोबर घेऊन निघते. त्यात कॉम्प्रेसरची गरम वाफ, तेल, वरून तापलेला पत्रा. बारा वर्षं टिकला हेच नवल."

मग पुढे किती तरी वेळ तो लावायच्या पाइपांबद्दल बोलत राहिला. तांबं उत्तम, आतून गंजत नाही, लॅकरचं काम असेल तर तेच. पण सांध्यांना झाळ नीट बसायला हवी. ॲल्युमिनियमचे तयार पाइप येतात, झटपट लागतात, महाग. जीआयचा लोखंडी पाइप आतून गंज सोडतो, जड असतो, आटे पाडत बसावे लागतात, पण पिना नि खिळे मारायच्या कामाला चालतो. लिमाच्या हिवाळ्यात हवेत पाणीच असतं, म्हणून पाइपाला उतार हवा, फाटे वरच्या अंगाने काढायचे, आणि प्रत्येक टोकाला पाणी सोडायला कॉक. एदिल्बेर्तो मान डोलावत होता. एकच वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. ओविदिओ म्हणाला होता की लोखंडही जातं, तांबंही जातं, कायमचं काहीच नाही. पण ती जायच्या आधी सांगतात. सुसकारतात, गळतात, फुगतात. "जो फुटायच्या आधी सांगतो तो पाइप घे. हा तुझा राखाडी मुकाट्याने सोसतो आणि एक दिवस तोंडावर फुटतो."

परतताना रस्त्यावर नेहमीची भुरभुर होती, डोळ्यांच्या पापण्यांवर जमणारी, आणि व्हिया एल साल्वादोर वस्तीतल्या त्या फर्निचरवाल्या गल्लीत दुतर्फा कारखाने चालू होते. वीस वर्षं तो या आवाजात राहिला होता आणि त्याला तो ऐकूच येत नसे. आज प्रत्येक कॉम्प्रेसर वेगळा ऐकू येत होता. घरघर सुरू होते, चढत जाते, एका क्षणी खटकन थांबते. ते थांबणं म्हणजे पाइप आता काठोकाठ भरला. मग आत कुणीतरी गन दाबतो, पुन्हा घरघर. तो चालता चालता थांबला. त्याने असे पाइप फक्त स्वतःकडे टांगले नव्हते. त्या काळी गल्लीत लोखंडाचे आटे पाडणारा नव्हता, आणि एदिल्बेर्तो प्लंबिंग शिकलेला होता; हलका, स्वस्त, एका दिवसात लागणारा पाइप त्याने सगळ्यांना दाखवला. लोक त्याला शाबासकी देत. त्याने बोटांवर मोजलं. स्वतःचा सोडून पाच.

चार ठिकाणी तो दुसऱ्याच दिवशी गेला. प्रत्येक ठिकाणी कागदाची पुडी उलगडून तुकडे दाखवायचे, तेच बोलायचं. पलंग बनवणाऱ्याने तुकडा पाहिला, मेन स्विच ओढला आणि कामगारांना बाहेर बोलावलं. दरवाजेवाल्याने ऐकून घेतलं आणि सणाची ऑर्डर झाली की बघतो म्हणाला. एदिल्बेर्तो हलेना तेव्हा चिडून निदान कामाच्या जागा पाइपाखालून सरकवल्या. तिसऱ्याने विचारलं, आता लोखंडाचे पाइप विकायला लागलास का उस्ताद? चौथी एक विधवा होती, तिने कारखाना केव्हाच भाड्याने दिला होता. भाडेकरूला तिनेच दटावून काम थांबवलं. पाचव्या कारखान्यावर तो गेला नाही. तो कोपऱ्यापर्यंत गेला. कोपऱ्यावर पाव नि उकाळा विकणारीची गाडी असते, तिथे त्याने जवसाचा गरम उकाळा घेतला, तो संपेपर्यंत उभा राहिला आणि परत फिरला.

पाचवा कारखाना लाउरेआनोचा होता, त्याच्या दाजींचा. त्याची बहीण माक्सिमिना त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. डोंगरात गावं ओस पडत होती त्या वर्षी तिने तेरा वर्षांच्या एदिल्बेर्तोला ट्रकच्या मागे बटाट्याच्या पोत्यांत बसवून खाली लिमाला आणलं, दोन वर्षं लोकांची धुणी धुऊन त्याला जेवू घातलं आणि एका प्लंबरकडे कामाला लावलं. पाण्याचं काम शीक, ती म्हणायची, या वाळूत पाणी आणणाऱ्याला कुणी उपाशी ठेवत नाही. पुढे लाउरेआनोशी लग्न झालं, दोघांचा खुर्च्या-सोफ्यांचा कारखाना झाला, त्याच्या हाताखाली एदिल्बेर्तो सुतारकी शिकला आणि स्वतःचं दुकान काढून बसला. दाजींच्या कारखान्यातला पाइप त्याने पैसे न घेता लावला. माक्सिमिना शिडी धरून खाली उभी होती आणि वरून पडणारे गुंतवळे तिच्या केसांत अडकत होते. पडशील बाबा, ती दर पाच मिनिटांनी म्हणत होती. शेवटचा एल्बो चिकटवून तो उतरला तेव्हा लाउरेआनोने विचारलं होतं, किती वर्षं जाईल? तो म्हणाला होता, आपल्याला पुरून उरेल, दाजी.

सहा वर्षांपूर्वी माक्सिमिना दवाखान्यात होती, पोटाच्या दुखण्याने, अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत एदिल्बेर्तो एकदाही तिला भेटला नाही. एका खानावळीची चौदा टेबलं द्यायची होती. तो कामात होता. असं त्याने सांगितलं होतं, आणि टेबलं खरोखरच होती, चौदा, त्यामुळे त्या सांगण्याला पाय होते. ती गेली. मयताच्या घरी तो फुलं घेऊन उंबऱ्यात आला तेव्हा लाउरेआनोने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, टेबलं झाली का? आणि दार लावून घेतलं. दफनाला तो लांब, दुसऱ्याच कुणाच्या तरी थडग्यापाशी उभा राहिला. त्यानंतर दाजी नाहीत की भाची नाही. रस्त्यात दिसले तर लाउरेआनो पलीकडच्या बाजूला जायचा आणि देल्फिना, वडिलांच्या मागून, क्षणभर मान वळवायची. तेव्हा ती कॉलेजात होती. आता ती वडिलांबरोबर कारखान्यात काम करते हे त्याला ऐकून ठाऊक होतं. खुर्च्यांना कापड लावायचं काम तिच्याकडे. कापड लावायचं टेबल कुठे आहे हेही त्याला ठाऊक होतं, कारण त्या टेबलाला हवेवर चालणारी पिन गन लागते, आणि म्हणून बारा वर्षांपूर्वी त्याने पाइप बरोबर त्या टेबलावर आणून वळवला होता.

चौदा टेबलांत न मावणारी एक गोष्ट होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. त्या अठरा दिवसांत तो तीनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला होता. हातात संत्र्यांची जाळी. फाटकावर नाव लिहून पास घ्यायची रांग होती. तिन्ही वेळा तो रांगेत उभा राहिला, आणि तिन्ही वेळा समोर तीन-चार माणसं उरली की त्याचे पाय आपोआप बाजूला वळले. पहिल्या दिवशी संत्री त्याने एका म्हातारीला दिली. पुढच्या दोन्ही वेळी बसस्टॉपवर बसून एकट्याने खाल्ली, एकामागून एक, साली खिशात भरत. घरी आल्यावर बोटांना संत्र्याचा वास येऊ नये म्हणून तो आधी टर्पेंटाइनने हात धूत असे.

आता पाच दिवस तो उकाळ्याच्या गाडीपर्यंत जात होता. आज दाजी घरी नसतील. आज शनिवार, गिऱ्हाइकं असतील. आज रुफिनाचं काम खोळंबलंय. स्वतःकडे त्याने तांब्याचा पाइप लावून घेतला, ओविदिओला झाळ तपासायला बोलावलं, दोन ठिकाणी उतार चुकला होता तो पुन्हा केला. आणि हे सगळं नीट चाललंय याचाच त्याला राग येत होता. चिठ्ठी पाठवावी असं त्याने ठरवलं. चिठ्ठी लिहिली, फाडली. लाउरेआनो त्याच्या हाताची चिठ्ठी वाचणार नाही. ओविदिओला पाठवावं. ओविदिओ म्हणाला, पाइप तू लावलास, मी का जाऊ? कोपऱ्यावर उभं राहिलं की लाउरेआनोचा कॉम्प्रेसर ओळखू यायचा, जुना, दोन सिलिंडरचा, चढताना धापा टाकणारा. एदिल्बेर्तो पेला तोंडाशी धरून ती धाप ऐकायचा. चढतोय. चढतोय. थांबला. त्या थांबण्यानंतर तो श्वास रोखून धरायचा, आणि आतून पिन गनचा टक्‌टक् आवाज आला की सोडायचा. म्हणजे ती आहे. म्हणजे ती अजून त्याच टेबलाशी आहे. पाचव्या दिवशी पेला परत घेताना गाडीवालीने सहज विचारलं, कुणाची वाट बघता का रोज? तो नाही म्हणाला. आणि मग पेला तिच्या हातात देऊन, कुणी मागून ढकलल्यासारखा, तो कोपरा ओलांडून गेला.

कारखाना होता तसाच होता, फक्त पाइप पिवळट पडला होता. देल्फिना पाठमोरी होती. तिच्या केसांपासून दीड हातावर तो एल्बो. लाउरेआनो खुर्चीचा पाय घासत होता. त्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली, आणि घासतच म्हणाला की कारखाना बंद आहे. एदिल्बेर्तोने पुडी उलगडली. पाठ केलेलं बोलणं अर्धंच आठवलं. पाणी, हवा, दहाचा आकडा, गळ्याची घाटी. बोलताना त्याची नजर लाउरेआनोच्या तोंडावर नव्हती, एल्बोवर होती. कॉम्प्रेसर सुरू झाला, त्याला आवाज चढवावा लागला, आणि त्यामुळे ते भांडणासारखं ऐकू येऊ लागलं.

लाउरेआनोने सगळं ऐकून घेतलं. मग पॉलिशपेपर बाजूला ठेवून म्हणाला, "सहा वर्षांनी आलास, ते पाइपासाठी."

"हो, दाजी."

"बारा वर्षांत कधी सुसकारला नाही तो. तूच म्हणाला होतास, पुरून उरेल."

"म्हणालो होतो. चुकलो."

हा शब्द आपण शेवटचा कधी उच्चारला होता ते त्याला आठवेना. लाउरेआनोने हाताने दाराकडे खूण केली. त्याला बजावलं की हे घर माक्सिमिनाचं होतं आणि या घरात काय बदलायचं ते एदिल्बेर्तोने सांगायचं नाही. देल्फिना गन हातात धरून दोघांकडे बघत होती. एदिल्बेर्तो तिला म्हणाला, बाळा, तू तिथून ऊठ. वडील म्हणाले, उठायचं नाही, दुपारी गिऱ्हाईक येणार आहे, बारा खुर्च्या व्हायच्या आहेत. ती तशीच राहिली, ना बसलेली ना उठलेली. कॉम्प्रेसर धापा टाकत होता. दाबाचा काटा सहाच्या पुढे गेला होता.

एदिल्बेर्तो दाराकडे गेला नाही. तो देल्फिनाच्या टेबलाशी गेला, तिच्या हातातून गन घेतली आणि म्हणाला, "दाजी, खुर्च्या व्हायच्यात ना? मग मी बसतो इथे. ती तिकडे, भिंतीशी बसून कापड कापू दे." आणि तो स्टुलावर बसला.

नंतर पुष्कळदा त्याने ती सकाळ आठवायचा प्रयत्न केला, पण त्याला आठवायचे ते फक्त कापडाचे रंग, हिरवा आणि मातकट, आणि डोक्याच्या मध्यावर, जिथे केस विरळ झाले होते तिथे, बोट टेकवल्यासारखं जाणवणारं ते काहीतरी. वर बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. कॉम्प्रेसर थांबला की पाइप काठोकाठ भरलेला असायचा. मग तो मुद्दाम पिना मारायचा, चार, पाच, सात, म्हणजे दाब उतरावा. दाब उतरला की कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायचा आणि पुन्हा चढायचा. पिना वाकड्या जात होत्या, एका खुर्चीचं कापड कोपऱ्यावर चिमटलं, दुसरीवर हिरव्याची उलटी बाजू वर आली. देल्फिना भिंतीशी बसून त्याने केलेली बैठक घ्यायची, पेचकसाने पिना उपटायची आणि हाताने, बारीक हातोडीने, पुन्हा ठोकायची. लाउरेआनो खुर्चीचा तोच पाय घासत होता. तो पाय केव्हाच गुळगुळीत झाला होता. दवाखान्याच्या रांगेत समोर तीन माणसं उरल्यावर एदिल्बेर्तोचे पाय जसे बाजूला वळायचे तसेच ते आता वळू पाहत होते, अगदी तसेच, आणि त्याला नवल वाटलं की तसं असूनही बसून राहता येतं. बसून राहायला वेगळं धैर्य लागत नाही. फक्त उठायचं नाही. सहाव्या खुर्चीवर त्याने स्वतःच्या अंगठ्याजवळच्या कातडीत पिन मारून घेतली. देल्फिना म्हणाली, "मामा, हात दाखवा." सहा वर्षांत तिने त्याच्याशी उच्चारलेला तो पहिला शब्द होता आणि तो ऐकून त्याने गन खाली ठेवली.

लाउरेआनो उठला. कॉम्प्रेसरपाशी गेला, स्विच पाडला, टाकीखालचा कॉक पिळला. हवा जमिनीवरची वाळू उडवत बाहेर पडू लागली. ती पुरती संपेपर्यंत तो काट्याकडे बघत उभा राहिला.

"तुला पिना मारता येत नाहीत," तो म्हणाला. "अर्धी ऑर्डर वाया घालवलीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना पाइप उतरवला. लाउरेआनोने त्याचा हातभर हातभर तुकडा उजेडात फिरवून पाहिला, एल्बो विशेष करून, चष्मा लावून. कुठे चीर नव्हती, डाग नव्हता. तो म्हणाला, हा अजून बारा वर्षं गेला असता. एदिल्बेर्तो म्हणाला, गेलाही असता. त्याने बरोबर ठरायचा हट्ट धरला नाही. आतून तोही त्या एल्बोकडे बघत होता आणि चीर दिसावी असं त्याला फार वाटत होतं. कुठला पाइप घ्यायचा यावर त्यांचं थोडं वाजलं. एदिल्बेर्तोला तांबं हवं होतं, स्वतःकडे लावलं तेच. लाउरेआनोने विचारलं, इथे लॅकर मारतं कोण? नुसत्या पिना मारायला तांबं कशाला? तो लोखंड म्हणाला. एदिल्बेर्तोने ऐकलं. तीन दिवस ते काम चाललं. भाड्याने आणलेल्या यंत्रावर आटे पाडणं, टेप गुंडाळणं, पकडी भिंतीत रोवणं. पाइप जड होता, एकाला दुसऱ्या टोकाला धरावंच लागे. बोलणं कामापुरतं व्हायचं. इकडे उचल. थांब. अर्धा आटा अजून. उतार दोरी लावून देल्फिनाने धरला आणि टेबल तिने पाइपाखालून काढून खिडकीशी नेलं. उजेडही तिथेच बरा, ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी हवा भरली. देल्फिना साबणाचा फेस करून ब्रशने सांध्यांना लावत गेली. दोन ठिकाणी बुडबुडे आले, पाना फिरवला, थांबले. मग कॉम्प्रेसर बंद करून, कॉक लावून, तासभर काट्याकडे बघत बसायचं होतं. काटा आठावर होता. देल्फिना पाव आणायला गेली. दोघे दोन नव्या खुर्च्यांवर बसले, काट्यासमोर. सगळी यंत्रं बंद असताना तो कारखाना केवढा मोठा आहे हे एदिल्बेर्तोला पहिल्यांदा कळलं. बाहेरून तीनचाकीचा भोंगा आला आणि गेला. मग काट्यावरची नजर न काढता लाउरेआनोने विचारलं, "चौदाच टेबलं होती ना?"

"चौदा."

"रोज विचारायची ती. म्हणायची, आज रात्री संपली असतील टेबलं, उद्या येईल. अठरा दिवस."

एदिल्बेर्तोने अंगठ्यावरची पट्टी चाचपली. उत्तर तयार होतं, सहा वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. ते तोंडाशी आलं आणि त्याने ते जाऊ दिलं.

"मी आलो होतो," तो म्हणाला. "तीनदा. फाटकापर्यंत. रांगेत उभा होतो, दाजी. तीन माणसं उरायची आणि मी परत फिरायचो. तिला तशी बघायची भीती वाटली मला. टेबलं होती, पण टेबलांमुळे नाही. संत्री आणली होती. ती मीच खाल्ली."

लाउरेआनोने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा जबडा हलला, जणू काही चावतोय. एदिल्बेर्तोला वाटलं, आता तो उठेल आणि दार दाखवील, आणि ते बरोबरच असेल. देल्फिना पाव घेऊन आली, दोघांच्या तोंडांकडे बघून दारातच थांबली. तास भरला होता. लाउरेआनो उठला, काट्यापाशी वाकला, काचेवर नखाने टिचकी मारली. काटा आठाच्या किंचित खाली होता, केसभर.

"कुठेतरी गळतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता आणि पाठ अजून एदिल्बेर्तोकडेच होती. त्याने फडक्याने हात पुसले, ते हळूहळू पुसत राहिला. "आज नाही सापडायचं. उद्या सकाळी ये. शोधू."